काळपट लाल, वाकड्या मानेचा: 'ग्रुस आन टेप्लिट्झ' या काटक गुलाबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या आमच्या घराच्या कुंपणाला लागून या गुलाबाची तीन झुडपं आहेत. सकाळी फिरायला जाणारे लोक वासाने थबकतात, मग फाटकाशी येतात आणि प्रश्न सुरू होतात. बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली.

याचं नाव नक्की काय?

ग्रुस आन टेप्लिट्झ. जर्मन नाव आहे, अर्थ साधारण 'टेप्लिट्झला नमस्कार'. टेप्लिट्झ म्हणजे आज चेक प्रजासत्ताकात असलेलं टेप्लित्से हे गाव. रुडॉल्फ गेशविंड नावाचे ऑस्ट्रियन साम्राज्यातले वनाधिकारी होते. नोकरी जंगलखात्यात आणि जीव गुलाबांत. स्वतःच्या मुलखाची आठवण म्हणून त्यांनी या गुलाबाला हे नाव दिलं, आणि 1897 मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर शहराच्या पेटर लाम्बर्ट यांच्या नर्सरीने तो बाजारात आणला. गंमत अशी की गेशविंड यांचा ध्यास होता बर्फात तग धरणाऱ्या गुलाबांचा, आणि त्यांचं हे लेकरू नावारूपाला आलं ते आपल्यासारख्या उन्हाच्या देशांत. कारण त्याच्या रक्तात आहे. युरोपातले जुने गडद गुलाब वर्षातून एकदाच फुलायचे. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण आणि तो खरा रक्तासारखा लाल रंग, दोन्ही अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी गुलाबांबरोबर तिकडे गेले, त्यातले काही तर कलकत्त्यामार्गे. या गुलाबाच्या वंशावळीत चिनी गुलाब ठासून भरलेला आहे.

पाकिस्तानातल्या पंजाबात पाकळ्यांसाठी याची शेती होते, तिथे याला 'सुर्खा' म्हणतात. उत्तर भारतातही सुट्या फुलांसाठी तो लावतात. आपल्याकडे मात्र तो बहुधा बिननावाचाच वाढतो. 'आजीच्या वेळचा लाल गुलाब' एवढीच त्याची ओळख.

माझ्याकडचा लाल गुलाब हाच आहे का, कसं ओळखू?

फूल साधारण तीन इंचांचं, पाकळ्या तीसेक, कळी बुटकी आणि गोलसर. फुलवाल्याकडच्या गुलाबासारखी टोकदार नाही. फुलं झुपक्याने येतात आणि उमलली की मान खाली घालतात. कोवळी पालवी तांबूस जांभळी असते, जुनी पानं गर्द हिरवी. आणि वास. डोळे मिटून हुंगलं तर गुलाबाच्या आड कुठेतरी मसाल्याच्या डब्याची आठवण येते. हे सगळं जुळलं तर बहुतेक तोच.

मान ताठ, देठ हातभर लांब, एका देठावर एकच मोठं फूल असेल तर ते हायब्रिड टी, म्हणजे फुलवाल्याकडे दिसणारा गुलाबाचा प्रकार. त्याला या पानावरचे निम्मे सल्ले लागू नाहीत.

पूर्ण काळा गुलाब मिळेल का? ऑनलाइन बिया विकायला आहेत.

नाही. गुलाबात खरा काळा रंग नाहीच. काळा म्हणून विकला जातो तो फार गडद लाल किंवा जांभळट, आणि फोटोतला निळसर काळा हा संगणकाची किंवा शाईची करामत. शिवाय बियांपासून आलेला गुलाब आईबापासारखा निघत नाही, म्हणून जाती फांदीने किंवा डोळा भरूनच (दुसऱ्या, रानटी गुलाबाच्या खोडावर हव्या जातीचा डोळा बसवून) वाढवतात. पन्नास रुपयांच्या पाकिटातून काय उगवतं हे पाहायची हौस असेल तर पेरा. आमच्या शेजारच्या काकूंच्या पाकिटातून टोमॅटो उगवला होता. भाजी बरी झाली त्याची.

हा गुलाब कळीत काळपट दिसतो, मखमल उलटी चोळल्यासारखा. उमलला की गडद किरमिजी. थंडीत रंग जास्त खोल उतरतो.

नर्सरीत नावाने मागितला तर मिळत नाही, काय करू?

नावाने मिळणं कठीणच. बऱ्याच नर्सऱ्यांत गुलाब रंगावर विकतात: लाल, पिवळा, केशरी. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत, फूल अंगावर असतानाच जा आणि वाकलेल्या मानेचा, वासाचा, झुपक्याने फुललेला शोधा. एकदा मी पावसाळ्यात फूल न बघता एक रोप आणलं होतं. दोन वर्षं निगुतीने वाढवलं, आणि फुललं तेव्हा पांढरीशुभ्र बारकी फुलं. वर भरलेला डोळा केव्हाच मेलेला आणि मी खालचा रानटी खुंट पोसत बसले होते. त्यापेक्षा जुन्या वाड्याच्या, देवळाच्या, शाळेच्या आवारात हे झुडूप दिसलं तर विचारून एक फांदी आणा.

मग कलम बरं की फांदीपासून केलेलं रोप?

या गुलाबाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: फांदी. दुकानी गुलाबांची मुळं नाजूक, म्हणून त्यांना रानटी खुंटावर डोळा भरून वाढवावं लागतं. हा स्वतःच्या मुळांवर उत्तम जगतो. मग खुंटातून फुटणाऱ्या रानफुटव्यांची कटकट नाही, आणि वरचं सगळं वाळलं तरी मुळातून पुन्हा तोच गुलाब येतो.

कृती सोपी आहे. छाटणीत निघालेली, पेन्सिलीएवढी जाड, नुकती फुलून गेलेली फांदी घ्या. सहा ते आठ इंचांचा तुकडा, त्यावर चार-पाच डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि आडवा, वरचा डोळ्याच्या पाव इंच वर आणि तिरका. तिरका अशासाठी की लावताना कोणतं टोक वर हे विसरायला होत नाही. (हसू नका, मी सात तुकडे उलटे लावले आहेत.) वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा, दोन डोळे मातीत जातील इतकं खोचा. माध्यम म्हणून निम्मी जाडी वाळू आणि निम्मं कोकोपीट. मुळं फुटायची पावडर लावली तर बरं, नसली तरी दहातले पाच-सहा लागतात. उजेडात पण सावलीत ठेवा, माती ओलसर असू द्या, चिखल नको.

आता महत्त्वाचं. पंधरा दिवसांत पालवी फुटते आणि सगळे हुरळून जातात. ती पालवी फांदीतल्या साठ्यावर फुटलेली असते, खाली मूळ नसतंच. उपटून बघू नका. सहा ते आठ आठवडे थांबा. हलकं ओढल्यावर माती धरून राहिली तरच कुंडी बदला.

कुठे लावू? माती कशी हवी?

किमान पाच-सहा तास ऊन, त्यातही सकाळचं. सकाळच्या उन्हात पानावरचं दव लवकर वाळतं, आणि बुरशीचे निम्मे रोग तिथेच टळतात. भिंतीला चिकटवून लावू नका. दोन झुडपांत चार फूट ठेवा, कुंपण करायचं असेल तर तीन. माझी झुडपं साडेपाच फुटांवर गेली आहेत आणि तितकीच आडवी पसरली आहेत.

काळ्या जमिनीत दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा करा आणि पाण्याने भरून बघा. तासाभरात पाणी जिरलं नाही तर तिथे लावू नका, किंवा माती नऊ-दहा इंच उंच करून त्या वरंब्यावर लावा. पाणी साचणाऱ्या खड्ड्यात नुसता मुरूम घालून भागत नाही, खड्ड्याची बादली होते. तांबड्या, मुरमाड जमिनीत हा त्रास नाही, तिथे शेणखत हात सैल सोडून घाला.

कुंडीत जमेल?

जमेल. सोळा इंचांची कुंडी घ्या, बारा इंचांची नको. दर दोन वर्षांनी वरची चार इंच माती बदला. गॅलरीत चार तासच ऊन असेल तर झुडूप जगेल, पण फुलं मोजकीच येतील.

पाणी रोज घालायचं का?

नाही. बोटाची दोन पेरं मातीत घाला, कोरडी लागली तरच, आणि मग आळं भरून. रोज तांब्याभर पाणी म्हणजे मुळांना वरवर राहायची सवय. पानांवर पाणी नको, संध्याकाळी तर नकोच.

छाटणी कधी आणि किती? मी खोडापर्यंत छाटला तर फुलंच आली नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. गुलाब म्हटलं की 'गुडघ्यापर्यंत छाटा' हा सल्ला मिळतो. तो हायब्रिड टीसाठी आहे. त्याला नव्या जोमदार काडीवर एक मोठं फूल हवं असतं, प्रदर्शनात मांडायला. हे झुडूप आहे. त्याची फुलं बाजूच्या बारक्या फांद्यांवर झुपक्याने येतात. सगळी चौकट कापून टाकलीत तर ते पुढचे दोन-तीन महिने चौकट उभारण्यात घालवतं. फुलं कुठून येणार?

मी असं करते. पाऊस पूर्ण थांबला की, नाशिकात ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आधी मेलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि झुडपाच्या पोटात शिरणाऱ्या फांद्या काढते. मग उरलेल्यांचा वरचा तिसरा हिस्सा. झाडाला तीन-चार वर्षं झाली की दर वर्षी सगळ्यात जुनी, करडी, सालपटलेली एकच फांदी तळापासून काढायची. त्याच ठिकाणाहून नवा तांबूस कोंब येतो. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर. कात्री धारदार हवी, चिमट्यासारखी चेपणारी नको.

छाटल्यापासून साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत बहर. म्हणजे 20 ऑक्टोबरला छाटलं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फाटकाशी गर्दी. त्यानंतर सुकलेला झुपका दोन पानांखाली खुडत राहिलं की महिना-दीड महिन्याने पुन्हा फुलं. जूनमध्ये फक्त शेंडे खुडा, मोठी छाटणी नको, ओल्या हवेत काप सडतात. पहिली दोन वर्षं तर कात्री जवळपास लावूच नका.

चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, केळीची सालं?

चोथा धुऊन, साखर-दूध काढून, मूठभर चालेल. नाहीतर मुंग्यांचं लग्न लागतं. टरफलं म्हणजे चुना, आणि आमच्याकडच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीत चुना आधीच उतू जातोय. सालं कंपोस्टमध्ये टाका. खरं खत म्हणजे छाटणीनंतर दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. कुंडीत याच्या चौथाई.

नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. काय कमी पडलं?

बहुधा लोह. जमिनीत ते असतं, पण चुनखडीमुळे झाडाला उचलता येत नाही. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं दिलं की कुंडीतही हेच होतं. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलं तर तेही काही दिवसांत बांधलं जातं. शेणखतात मुरवून द्या, किंवा चिलेटेड लोह (मातीत बांधलं जाऊ नये असं वेष्टण दिलेलं लोह) आणा. दुकानात विचारताना 'ईडीडीएचए' असं स्पष्ट सांगा. स्वस्तात मिळणारं 'ईडीटीए' चुनखडीच्या मातीत फारसं टिकत नाही. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर कारण वेगळं: नत्र कमी किंवा पाणी जास्त.

पानांवर पांढरी पावडर आणि काळे ठिपके, दोन्हीवर एकच औषध चालेल का?

रोग दोन, स्वभाव उलटे. पांढरी ती भुरी. कोरडे दिवस आणि गार रात्री तिला मानवतात, म्हणून ती हिवाळ्यात येते, आणि या गुलाबाचा तो कच्चा दुवा आहे. द्राक्ष बागायतदारांच्या गावात भुरीवर सल्ला मागायला लांब जावं लागत नाही: पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी. पारा बत्तिशीच्या वर असताना फवारू नका, पानं भाजतात. कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

काळे ठिपके पावसाळ्यातले. त्या बुरशीला रुजायला पान सलग सातेक तास ओलं लागतं. उपाय आधी झाडूचा: गळलेलं प्रत्येक पान उचलायचं, कारण पुढची लागण तिथूनच उडते. झुडपाचं पोट मोकळं ठेवायचं. जुलै-ऑगस्टमध्ये झाड निम्मं उघडं पडलं तरी घाबरू नका. हे झुडूप ऑक्टोबरात असं पालवतं की आपलीच आपल्याला लाज वाटते.

पानांच्या कडा कुणीतरी गोल गोल कापून नेल्यात. अळी का?

अळी नाही. पानकापी माशी, मधमाशीच्याच गोतावळ्यातली. सकाळी दहाच्या सुमारास झुडपापाशी दहा मिनिटं गप्प बसा. ती पानाच्या काठावर बसते, कंपासने आखल्यासारखी फिरते, आणि शेवटचा धागा तुटायच्या आत पंख सुरू करते. मग हिरवी चकती पोटाशी धरून उडते, भिंतीतल्या भोकात घर करायला. झाडाचं काही बिघडत नाही. तिच्यासाठी औषध मारू नका.

फांदी टोकाकडून काळी पडत खाली येते आहे.

शेंडेमर. बोथट कात्री, ओल्या हवेतली छाटणी किंवा डोळ्याच्या फार वर ठेवलेला खुंटा, या तिन्हींतून ती शिरते. काळ्या भागाच्या दोन इंच खाली, आतला गर पांढरा दिसेपर्यंत कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. कात्री स्पिरिटने पुसा. कापलेला तुकडा कंपोस्टमध्ये नको.

सात पानांची फांदी आली की ती रानटी, काढून टाकायची ना?

हा नियम सगळे सांगतात, पण तो खात्रीचा नाही. चांगल्या गुलाबाच्या जोमदार फांदीवरही सात पानं येतात. पानं मोजू नका, फांदी कुठून निघाली ते बघा. माती बाजूला करा: डोळा भरलेल्या गाठीच्या खालून असेल तर रानफुटवा, वरून असेल तर राहू द्या. रानफुटवा कापू नका, बुडाशी धरून खाली ओरबाडून काढा. कापला तर एकाचे तीन होतात.

फुलं मान टाकतात. पाणी कमी पडतंय?

नाही, त्याची ती ठेवणच आहे. देठ बारीक, फूल जड. फुलदाणीत तो शोभणार नाही आणि दोन दिवसही टिकणार नाही. पितळी ताम्हनात पाणी घालून फुलं तरंगत ठेवा, देवाला वाहा, वेणीत घाला. उंच झालेलं झुडूप कमानीच्या कडेला लावलं तर खालून जाणाऱ्याला फूल थेट तोंडासमोर येतं. वाकड्या मानेचा हाच फायदा.

एप्रिलमध्ये पाकळ्या कडेने करपतात.

गडद रंग ऊन जास्त शोषतो. मार्च ते मे दुपारनंतर सावली पडेल अशी जागा किंवा हिरवं नेट, आणि बुडाशी पालापाचोळ्याचं तीन इंच आच्छादन. विदर्भात, जिथे पारा पंचेचाळीसवर जातो, तिथे मी म्हणेन मेमध्ये कळ्या खुडूनच टाका, झाडाला विसावा द्या.

कोकणात, गोव्यात लावावा का?

कुंडीत, पावसाळ्यात छपराखाली ओढता येईल अशी. जांभ्या जमिनीत निचरा चांगला, माती आंबट. म्हणजे वर हिणवलेली अंड्याची टरफलं तिथे थोडी उपयोगी. छाटणी नोव्हेंबरात.

गुलकंद होतो का?

होतो, आणि रंग सुरेख येतो. औषध न फवारलेली फुलं दव सुकल्यावर लगेच खुडा, पाकळ्यांचा पांढरा बुडखा काढा. पाकळ्या आणि जाडसर कुटलेली खडीसाखर समान वजनाने काचेच्या बरणीत थर देऊन भरा. पंधरा-वीस दिवस उन्हात, रोज एकदा कोरड्या चमच्याने हलवून. पाव किलो पाकळ्या जमवायला फुलं मात्र ढिगाने लागतात. एका झुडपाच्या एका बहरात जेमतेम वाटीभर होतो, तो लपवून ठेवावा. दुकानातून आणलेल्या गुलाबांचा करू नका, त्यांवर काय काय मारलेलं असतं देव जाणे.

आम्ही टोरांटोजवळ राहतो. तिथे जगेल?

कॅलिफोर्निया, टेक्सास असतं तर डोळे मिटून हो म्हटलं असतं. पण उणे वीसच्या खाली हा झुडूपभर मरतो. तुमच्याकडे 'हान्सा' शोधा, 1905 सालचा डच गुलाब, रुगोसा या थंडी सोसणाऱ्या रानगुलाबाच्या वंशातला. जांभळट गडद लाल, लवंगेच्या वासाचा, उणे चाळीसही सोसतो, आणि फुलं खुडली नाहीत तर शरद ऋतूत टोमॅटोसारखी लाल फळं धरतो. त्याची सुरकुतलेली पानं औषधाने करपतात, तेव्हा फवारणी नको. भारतात येताना मात्र तो आणू नका. आपल्या मैदानी उन्हात तो रमत नाही.

तुमच्याकडची फांदी मिळेल का?

मिळेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटणी असते, तेव्हा या. ओलं वर्तमानपत्र आणि प्लॅस्टिकची पिशवी बरोबर आणा. शेजारच्या काकूंचं पाच फांद्यांचं बुकिंग आधीच झालं आहे.